जुना बाथटब काढायचा की ठेवायचा? आधी टबाखाली काय आहे ते बघा

मुंबईतल्या जुन्या फ्लॅटमधला बाथटब हल्ली क्वचितच टब म्हणून वापरला जातो. कुठे त्यात उभं राहून शॉवर घेतात, कुठे आत पाटावर बसून बादली-तांब्याने आंघोळ होते, कुठे पाणीकपातीच्या दिवसांसाठी पिंपं ठेवलेली असतात. मग कधीतरी ‘हा काढूनच टाकू या’ असा विषय निघतो. पिवळा पडलाय, एनॅमल उडालंय, जागा अडवतोय, ही कारणं खरी असतात. पण निर्णय त्यांवर घ्यायचा नसतो. जुन्या इमारतींत टबाखालच्या भागाला बहुधा लादी नसते आणि धड वॉटरप्रूफिंगही नसतं. तिथलं पाणी अडवून धरणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे टब. तो उचलला की बाथरूमचं सगळं काम अंगावर येतं. म्हणून पहिला प्रश्न हा, की टबातलं पाणी नळीवाटे बाहेर जातंय की थोडं थोडं स्लॅबमध्ये मुरतंय?

टब कशाचा आहे

चुंबक लावा आणि बोटाच्या पेराने ठोका. चुंबक चिकटला आणि आवाज बसका, ‘ठप’ असा आला तर टब बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. साडेपाच फुटी बिडाचा टब १२० ते १५० किलो भरतो. चुंबक चिकटला पण आवाज पत्र्यासारखा आला तर तो प्रेस्ड स्टीलचा. चुंबक चिकटत नाही आणि तळावर पाय दिल्यावर किंचित लवतो, तो ॲक्रिलिकचा किंवा फायबरचा. काही जुन्या घरांत जागेवरच ओतून घासलेले मोझॅकचे टबही आढळतात. ते काढणं म्हणजे सरळ तोडफोड.

बिडाचा टब सहजासहजी मरत नाही. त्याचं एनॅमल काचेसारखं असतं आणि ते दोन गोष्टींनी खराब होतं: वरून जड वस्तू पडली तर टवका उडतो आणि संडास साफ करायचं ॲसिड ओतलं तर चकाकी जाऊन पृष्ठभाग खरखरीत होतो. खरखरीत झाला की मळ धरतो, मळ धरला की पुन्हा ॲसिड, आणि हे चक्र थांबत नाही. नळाखालचा तपकिरी ओघळ मात्र टबाचा दोष नव्हे. ठिबकणाऱ्या नळातून किंवा जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपमधून येणारा तो गंज असतो. नळाचा वॉशर बदला, लिंबाच्या फुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पाणी पाचेक मिनिटं लावून धुवा, बराच डाग जातो. पांढरे खारे थर दिसत असतील तर ते बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे समजा. भातसा, तानसा, वैतरणेतून येणारं पालिकेचं पाणी मृदू असतं, त्याने असे थर सहसा बसत नाहीत.

खरी काळजी करायची ती वेस्टच्या, म्हणजे तळाशी पाणी बाहेर जायच्या छिद्राभोवती. तिथे एनॅमलखाली फुगे आले असतील, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर लाल पापुद्रे निघत असतील, तर पत्र्याचा टब संपला असं धरा. त्या कडेवरच रबरी वॉशर बसतो आणि सडलेल्या कडेवर कोणताही वॉशर पाणी धरत नाही. ॲक्रिलिकच्या टबात तळाला आरपार चीर गेली असेल तर वरून लावलेलं एपॉक्सी टिकत नाही, कारण चीर पडण्याचं मूळ खाली असतं. टबाखाली आधार नसतो, प्रत्येक पावलागणिक तळ लवतो आणि भरलेली फट पुन्हा उघडते.

पाणी नक्की कुठून जातंय

या तपासणीला दहा-बारा दिवस द्या. एकाच दिवशी सगळं पाणी सोडलं तर काहीच कळत नाही.

पहिल्या रात्री फक्त टब. बूच लावा, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी जायला काठाजवळ ठेवलेल्या छिद्राच्या दोन इंच खालपर्यंत पाणी भरा, पातळीवर चिकटपट्टीची खूण करा आणि बाथरूमचं दार बंद ठेवा. सकाळी पातळी मिलिमीटर-दोन मिलिमीटरहून जास्त उतरली असेल तर बूच, वेस्ट कपलिंग (टबाला नळी जोडणारा तुकडा) किंवा टबाचं अंग गळतंय. बूच संशयास्पद असेल तर प्लास्टिकच्या पिशवीवर तेच बूच दाबून परत एकदा बघा.

पातळी जागेवर असेल तर आता बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा. यात कपलिंगखालचा सांधा, ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा भाग) आणि पुढची नळी तपासली जाते. अनेक जुन्या घरांत टबाची नळी ट्रॅपला घट्ट जोडलेलीच नसते, टबाखालच्या न्हाणी ट्रॅपवर नुसती सोडलेली असते. ट्रॅप केसांनी आणि साबणाने अर्धा तुंबला की एकदम आलेलं पाणी तिथेच पसरतं, थेट त्या लादी नसलेल्या भागावर. वरून काहीच दिसत नाही. खालच्या घरातल्या छताला मात्र पोपडे येतात.

तिसरी तपासणी ओव्हरफ्लोची. मुद्दाम पाणी त्या छिद्रापर्यंत चढवा आणि पाच मिनिटं वाहू द्या. ओव्हरफ्लोमागचा रबर वीस-पंचवीस वर्षांत दगड होतो. टब कधी काठोकाठ भरत नसाल तर हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, आणि पाहुण्यांची मुलं एक दिवस टब भरून खेळली की उघड होतो.

चौथी तपासणी कडांची. बूच उघडं ठेवून भिंत आणि टब यांच्या सांध्यावर झारीने दहा मिनिटं पाणी मारा. टबात माणूस उभा करून परत मारा. वजनाने टब मिलिमीटरभर खाली बसतो आणि सुकी दिसणारी फट उघडते. मुंबईत पांढऱ्या सिमेंटने हा सांधा भरायची जुनी सवय आहे. पांढरं सिमेंट लवचीक नसतं, त्यामुळे ते दर वर्षी तडकतं.

या तपासण्यांत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक वेळी खालच्या घरात जाऊन छताचा ओला भाग पेन्सिलीने आखून घ्या, तारीख घाला. अंतर ठेवायचं कारण मुंबईच्या बांधणीत आहे. इथल्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला, म्हणजे ‘संकन’ असतो आणि तो खड्डा विटांचे तुकडे घालून कोब्याने भरलेला असतो. हा भराव स्पंजासारखा पाणी पितो. आज गळलेलं पाणी खाली दोन-तीन दिवसांनी दिसू शकतं आणि गळती बंद झाल्यावरही छत काही आठवडे ओलं राहतं. ‘नवीन वॉशर घातला तरी ठिबकतंय’ म्हणून दुसऱ्याच दिवशी हातोडा मारणारे इथेच चुकतात.

एक गोष्ट आधी वेगळी काढा. घर आठ दिवस बंद असतानाही खाली त्याच जोराने ठिबकत राहिलं, तर दोष बहुधा टबाचा नसून नळांना पाणी आणणाऱ्या, दाबाच्या पाण्याच्या लाइनचा असतो. फक्त जोराच्या पावसात ओल वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीतला पाइप बघायला हवा. या दोन्ही बाबतींत टब काढून काही हाती लागत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये केलेली तपासणी म्हणूनच फार विश्वासाची नसते. दिवाळीनंतर करा.

टबाच्या पुढच्या वीटकामाला तपासणीची खिडकी नसेल तर वेस्टच्या बाजूला १२ इंच बाय १२ इंच भोक पाडून घ्या. ग्राइंडरने लादीच्या सांध्यातून कापायला सांगा, म्हणजे कडा फुटत नाहीत. आत टॉर्च लावून मोबाइलने व्हिडिओ काढा. खालची माती किंवा कोबा कोरडा आहे का, जुना जीआय वेस्ट पाइप खालच्या अंगाने गंजून चाळणी झालाय का, टबाचे पाय विटेवर नीट टेकलेत का, हे त्या एका भोकातून कळतं. नंतर तिथे पीव्हीसीचं छोटं दार बसवा. टब ठेवायचा ठरला तरी ही खिडकी आयुष्यभर कामी येते.

वजनाचा आणि पाण्याचा हिशेब

साडेपाच फूट बाय अडीच फुटांचा टब ओव्हरफ्लोपर्यंत साधारण १५० ते २०० लिटर पाणी घेतो. बिडाचा टब, पाणी आणि आतला माणूस मिळून ३५० ते ४०० किलो होतात, तेही सव्वा चौरस मीटरवर. घरातल्या बाथरूमचा चल भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरलाय. चांगल्या स्थितीतला स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेतो, कारण उरलेलं बाथरूम रिकामं असतं. पण खालून सळ्या दिसत असतील, काँक्रीटचे तुकडे पडत असतील, तर टब भरणं आजच बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल तपासणी लागतेच. तो अहवाल सोसायटीकडून मागून घ्या आणि तुमच्या बाथरूमखालच्या स्लॅबबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा.

गरम पाण्याचा हिशेबही करून बघा. टाकीतलं पाणी २७ अंश आणि गिझरचं ६० अंश धरलं, तर ४० अंशांचं १५० लिटर पाणी करायला साठेक लिटर गरम पाणी लागतं. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर एक भरणा तापवायला जवळजवळ अर्धा तास घेतो. म्हणजे अडीच भरणे, आणि शेवटचा होईपर्यंत पहिला कोमट. १५ लिटरच्या गिझरवर टब भरत नाही, हे ध्यानात न घेता लोक नवा टब आणतात. शिवाय घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सर्वसाधारण मानक धरतात. एका आंघोळीत ते संपतं आणि वरून जातं.

घरात लहान मूल असेल, किंवा डॉक्टरांनी कुणाला कोमट पाण्यात बसायला सांगितलं असेल, तर टब खरोखर उपयोगी आहे आणि तो ठेवण्यात काहीच वावगं नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे. टबाची कड १५ ते १८ इंच उंच असते, तीवरून ओला पाय टाकताना एक क्षण माणूस एकाच पायावर, निसरड्या तळावर उभा असतो. सत्तरीच्या माणसाला रोज तसं करायला लावू नका. टब गळत नसला, सुंदर असला, तरी काढा. काढेपर्यंत तळाला रबरी मॅट घाला आणि भिंतीत स्टीलचा दांडा बसवा. त्याचे बोल्ट लादी-प्लॅस्टर ओलांडून विटेत किमान दोन इंच गेले पाहिजेत. चोषक रबराने चिकटणारे दांडे मुळीच वापरू नका, ते नेमके आधार हवा तेव्हा निसटतात.

ठेवायचा ठरला तर

गळती फक्त कपलिंगची असेल तर खिडकीतून काम होतं. नवं पितळी वेस्ट कपलिंग, वर-खाली दोन रबरी वॉशर, ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आणि नळीला दर चार फुटांमागे एक इंच उतार. नळी ट्रॅपवर मोकळी सोडू नका, जोडून घ्या. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. टब वापरात नसेल तर ते सुकतं आणि वास, झुरळं वर येतात, म्हणून आठवड्याला एक बादली ओतायची.

कडांना बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. आधी जुनं सगळं ब्लेडने खरवडा, स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या. मग टब पाण्याने भरा आणि भरलेल्या टबावरच सिलिकॉन लावा. टब खाली बसलेला असताना सांधा भरला की नंतर तो ताणला जात नाही. २४ तासांनी पाणी सोडा. साडेपाच फुटी टबाच्या तीन कडांना एक ३०० मिलिलिटरची नळी पुरते.

नुसतं रूप गेलं असेल तर जागेवर नवं कोटिंग करून मिळतं. एनॅमल घासून, प्रायमर मारून दोन भागांचा एपॉक्सी किंवा पॉलीयुरेथेन थर देतात. हा भट्टीत भाजलेल्या एनॅमलइतका कधीच टिकत नाही आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत मारला तर फुगे धरतो. त्याने गळती थांबत नाही, हेही आधीच समजून घ्या. काम चालू असताना घरात थांबू नका, पॉलीयुरेथेनच्या हार्डनरची वाफ छातीला वाईट. जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू देऊ नका, पाणी मारत घासायला सांगा.

इमारत दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर एवढ्यावरच थांबा.

काढायचा ठरला तर

निर्णय बहुतेक वेळा संकन भरावावर होतो. भरावच ओला झाला असेल तर तो कधी ना कधी उपसावा लागणारच, आणि तेव्हा टब निघतोच. अशा वेळी टब वाचवण्यात अर्थ नाही. उलट भराव कोरडा असताना फक्त ‘जागा मोकळी करू’ म्हणून टब काढत असाल, तर मोकळी होणारी जागा चौदा चौरस फुटांच्या आसपास आहे आणि तिच्यासाठी पूर्ण बाथरूम पंधरा दिवस बंद राहणार आहे, हे घरच्यांना आधी सांगा. एकच बाथरूम असेल तर आंघोळीची सोयही आधी बघून ठेवा.

टब असताना भिंतींचं वॉटरप्रूफिंग कमी असलं तरी चालून जायचं, कारण पाणी टबात पडायचं. शॉवर आला की तेच पाणी रोज भिंतीवर आणि जमिनीवर पडतं. म्हणून मिस्त्री ‘टबाची जागा तेवढी लादी लावून देतो’ म्हणाला तर नाही म्हणा. जुन्या आणि नव्या वॉटरप्रूफिंगचा सांधा तिथेच फुटतो.

कामाचा क्रम असा असायला हवा. भराव स्लॅबपर्यंत पूर्ण काढायचा. सळ्या उघड्या असतील तर गंज घासून दुरुस्ती आधी. कोपऱ्यांना मॉर्टरचा गोल वाटा, म्हणजे गोलाई काढायची, कारण कोटिंग काटकोनातच तडकतं. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन थर, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. शॉवरच्या भिंतींवर सात फुटांपर्यंत, बाकीकडे निदान एक फूट. न्हाणी ट्रॅप आणि पाइप स्लॅबमधून जिथे पार होतात तिथे जास्तीची जाळी. थर सुकल्यावर ट्रॅप बंद करून ७२ तास पाणी उभं ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांसोबत छत बघायचं. ही पायरी घाईत गाळली जाते, म्हणून या तपासणीनंतरच पुढचा हप्ता देण्याचं आधीच ठरवून घ्या.

नंतरचा भराव जड विटांचा नको. विटांचा कोबा घनमीटरला १८०० किलोच्या घरात जातो, सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकचे तुकडे ६०० किलोच्या आसपास. एक फूट खोल संकनमध्ये हा फरक चौरस मीटरला साडेतीनशे किलोंहून जास्त पडतो. टब काढून वाचवलेलं वजन भरावात परत घालू नका. भरावावर कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर, मग लादी. शॉवरच्या भागाला ट्रॅपकडे पाच फुटांना पाऊण इंच उतार. स्लॅबच्या पातळीवर मुरलेलं पाणी बाहेर काढणारी छोटी नळी डक्टमध्ये काढता आली तर जरूर काढा.

बाकीच्या भिंतींवरची जुनीच लादी ठेवण्याच्या विचारात असाल तर एक लक्षात घ्या. त्या रंगाची जुनी लादी सापडणं कठीण, तेव्हा ठसठशीत वेगळ्या रंगाचा पट्टा मुद्दाम लावलेला बरा दिसतो.

नवा टबच आणायचा असेल तर टब विकत घेण्याआधी बाथरूमचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टची आतली उंची मोजा. बिडाचा जुना टब अखंड निघत असेल तर फोडू नका. चोर बाजारात आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात विचारून बघा. चार माणसं लागतात. निघतच नसेल तर वर गोणपाट टाकून, डोळ्यांना चष्मा लावून फोडावा लागतो, कारण एनॅमलच्या कपच्या काचेसारख्या उडतात. बीड भंगारात वजनावर जातं, मजुरीत तेवढीच मदत.

परवानगी आणि राडारोडा

आहे त्याच जागी न्हाणीघराची दुरुस्ती, लादी बदलणं, सॅनिटरी फिटिंग आणि ड्रेनेज पाइप बदलणं हे महापालिका कायद्याच्या कलम ३४२ प्रमाणे किरकोळ दुरुस्तीत येतं. बाथरूम हलवणं किंवा भिंत पाडणं त्यात येत नाही. सोसायटीला मात्र लेखी कळवा: कामाचे दिवस, वेळ, कंत्राटदाराचं नाव, पाणी कधी बंद लागेल ते. उपनियमांप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो, त्यामुळे काम सुरू होण्याआधी खालच्या घरातल्या छताचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवले की नंतर वाद होत नाही. पागडीच्या घरात मालकाची लेखी संमती घ्या.

राडारोडा पन्नास-साठ गोण्यांचा सहज होतो. तो नाल्यात किंवा रस्त्याकडेला टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला देऊ नका. पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, ती वापरा. गोण्या जिन्यात रचू नका, एका जागी इतकं वजन जुन्या पायऱ्यांना सोसत नाही.

काम संपल्यावर खालच्यांचं छत लगेच रंगवून देऊ नका. पोपडे खरवडून प्लॅस्टर उघडं ठेवा, पंखा चालू ठेवा आणि पेन्सिलीची आखणी आकसत जाते का ते दर आठवड्याला बघा. सहा-आठ आठवडे ती पुढे सरकली नाही आणि हाताला गार लागणं थांबलं, की मग पुट्टी आणि रंग.